दोषमुक्ती आणि सबब : विनयाची दृष्टी

आरोपातून मुक्त होणे आणि अपराधाला सबब सांगणे, या दोहोंचा शेवट 'मी दोषी नाही' याच उद्गारात होतो. विनयपिटकाने मात्र त्यांत स्पष्ट भेद केला आहे. चुल्लवग्गातील समथक्खंधकाच्या आधारे तो भेद आम्ही येथे मांडीत आहोत.

राजगृहाच्या वेळुवनात दब्ब मल्लपुत्त हे अर्हत भिक्खू निवासाची व भोजनाची व्यवस्था पाहत असत. निकृष्ट भोजन मिळाल्याचा राग धरून मेत्तिय-भुम्मजक भिक्खूंनी मेत्तिया भिक्खुणीकरवी त्यांच्यावर शीलभंगाचा खोटा आरोप केला. भगवंतांनी विचारणा केली, तेव्हा 'भगवंत मला जाणतातच' अशा आशयाचे उत्तर दब्बांनी दिले. भगवंतांनी ते पुरेसे मानले नाही. केले असेल तर केले म्हणावे, नसेल तर नाही म्हणावे, असे त्यांनी बजावले. मग दब्बांनी आरोप निःसंदिग्धपणे नाकारला. आरोप करविणाऱ्यांची चौकशी होऊन त्यांचे कपट उघड झाले. पुढे दब्बांनी तीनदा याचना केल्यावर संघाने ज्ञप्ती व तीन अनुश्रावणांसह त्यांना 'सतिविनय' दिला. तात्पर्य, अर्हतालाही केवळ प्रतिष्ठेच्या बळावर दोषमुक्ती मिळाली नाही.

गग्ग भिक्खूचे प्रकरण निराळे होते. चित्तभ्रम झाला असता त्याच्याकडून अनुचित वर्तन घडले. बरा झाल्यावर त्याला 'अमूळ्हविनय' मिळाला. परंतु आठवत असूनही आठवत नाही म्हणणारा, स्वप्नवत आठवते म्हणणारा आणि वेडाचे सोंग घेणारा, या तिघांना दिलेला अमूळ्हविनय अधर्म्य ठरविला आहे. कारण आणि सबब यांतील सीमारेषा ती हीच. उवाळ भिक्खू तर कबूल करून नाकारी, नाकारून कबूल करी आणि एका गोष्टीआड दुसरी लपवी. त्याच्यावर संघाने 'तस्सपापिय्यसिका' कर्म केले.

आरोप करणाराही उत्तरदायी असतोच. पाराजिकाचा निराधार आरोप करणे हा स्वतःच संघादिसेस अपराध आहे.

आपल्या मंडळांत हिशेबाचा प्रश्न निघाला, की पुष्कळदा उत्तराऐवजी त्यागाची यादी वाचली जाते. कधी पुराव्यावाचून एखाद्याचे नाव कायमचे कलंकित केले जाते. दोन्ही मार्गांनी संघभावना क्षीण होते. निर्दोषाला संघासमोर निर्दोष ठरण्याचा अधिकार आहे. ज्याच्याकडून चूक घडली, त्याला ती कबूल करून शुद्ध होण्याचा मार्ग खुला आहे. सबब सांगणारा मात्र या दोन्ही मार्गांना मुकतो, असे आम्हांस वाटते.