गोठ्यातली वजाबाकी

पशुपोषणशास्त्रात एम.व्ही.एस्सी. केलेल्या कुणालाही पदव्युत्तर शिक्षणातले कोणते दिवस लक्षात राहिले असं विचारा. वर्गातली व्याख्यानं मागे पडतात, परीक्षाही मागे पडतात, आणि बोलणं ‘कलेक्शन’वर येतं. सलग सहा किंवा सात दिवस, दिवसाचे चोवीस तास, ठरावीक जनावरांनी काय खाल्लं, गव्हाणीत काय उरवलं, शेण किती टाकलं, लघवी किती केली, याचा ग्रॅम-मिलिलिटरपर्यंत हिशोब ठेवायचा. शास्त्राच्या पुस्तकात याला पचन चाचणी म्हणतात. गोठ्यात सगळे नुसतं ‘ट्रायल’ म्हणतात. आपल्या देशात पशुपोषणाचा अभ्यासक तयार होतो तो मुख्यतः या दिवसांत, असं माझं मत आहे.

चाचणीमागचं गणित प्राथमिक शाळेतलं आहे. समजा, एका बोकडाला दिवसाला ७०० ग्रॅम शुष्क पदार्थ असलेली वैरण घातली, १०० ग्रॅम उरली, म्हणजे खाल्ली ६०० ग्रॅम. त्याच्या लेंड्यांमधला शुष्क पदार्थ भरला २४० ग्रॅम. उरलेले ३६० ग्रॅम पचले. वैरणीची पचनीयता ६० टक्के. दोन वजाबाक्या आणि एक भागाकार. एवढ्यासाठी विद्यार्थ्याच्या आयुष्यातले कित्येक महिने जातात, कारण या आकड्यांपैकी एकही आयता मिळत नाही.

आधी जनावरांची निवड. शक्यतो नर घेतात, कारण नराचं शेण आणि मूत्र आपोआप वेगळं पडतं. मादीच्या बाबतीत दोन्ही एकत्र होण्याची धास्ती. मग जंतनिर्मूलन, मग वजनानुसार गट. प्रत्येक गटात चार ते सहा जनावरं. मग नव्या वैरणीची सवय होण्यासाठी दोन-तीन आठवडे. हा काळ विद्यार्थ्याला वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो टाळता येत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी वैरण स्वतः पचवत नाहीत. ती पचवतात त्यांच्या कोटीपोटातले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी. ज्वारीच्या कडब्यावर वाढलेल्या या वस्तीला एकदम शेवग्याचा पाला दिला तर तिची घडी बदलायला वेळ लागतो. घाईत घेतलेला आकडा मग धड जुन्या वैरणीचाही नसतो आणि नव्या वैरणीचाही नसतो.

सवयीचा काळ संपला की जनावरं चयापचय पिंजऱ्यात जातात. शेळ्यामेंढ्यांच्या पिंजऱ्याला तळाशी जाळी असते. लेंड्या एका बाजूला घरंगळतात, मूत्र दुसरीकडून बाटलीत उतरतं. बाटलीत आधीच थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलेलं असतं, नाहीतर मूत्रातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. गाईबैलांना एवढी सोय नसते. तिथे फरशीवर जनावर बांधायचं आणि कुणीतरी घमेलं घेऊन बसून राहायचं. जनावरानं शेपटी उचलली की घमेलं पुढे झालंच पाहिजे. दिवसा हे जमतं. रात्री तीन वाजता पाळीवर बसलेल्या मुलामुलींची कसोटी लागते. या कामातले खरे गुरू बरेचदा गोठ्यातले जुने कर्मचारी असतात. विद्यार्थी त्यांना ‘मामा’ म्हणतात. कोणतं जनावर आता शेण टाकणार, कोणतं उगाच आज कमी खातंय, कोणत्याच्या कानांची ठेवण बदलली आहे, हे मामांना वही न उघडता कळतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांच्यासाठी एक ओळ असते. ती एक ओळ मला फार तोकडी वाटते.

सकाळी ठरलेल्या वेळी चोवीस तासांचं शेण एकत्र करून मोजायचं, नीट मिसळायचं, त्यातला ठरावीक हिस्सा काढायचा. एक वाटा ओव्हनमध्ये सुकायला, दुसरा नायट्रोजनसाठी आम्ल घातलेल्या बाटलीत. मग गव्हाणीकडे वळायचं. चाचणीचं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात शिकवणारं काम इथे आहे.

गव्हाणीत जे उरतं ते घातलेल्या वैरणीसारखं नसतं. शेळीला तुरीचं कुटार घाला. ती ओठांनी पानं आणि शेंगांची टरफलं टिपते, काड्या सोडून देते. वैरणीत ८ टक्के प्रथिनं होती म्हणून उरलेल्या काड्यांतही ८ टक्केच असतील असं धरलं, तर हिशोब फसतो. वरच्याच उदाहरणात पाहू. घातलेल्या ७०० ग्रॅममध्ये प्रथिनं ५६ ग्रॅम. उरलेल्या १०० ग्रॅममध्ये ८ टक्के धरली तर खाल्ली ४८. प्रत्यक्षात त्या काड्यांत ४ टक्केच असतील तर खाल्ली ५२. शेणात २४ ग्रॅम गेली असं समजा. पहिल्या हिशोबानं प्रथिनांची पचनीयता ५० टक्के येते, दुसऱ्यानं जवळपास ५४. काड्या वेगळ्या तपासायचा कंटाळा केला, तर शेळीनं दाखवलेली निवड कागदावर पुसली जाते आणि वैरण उगाच हलकी ठरते.

बाकीच्या बहुतेक चुका मात्र वैरणीच्या बाजूनं झुकतात. लेंड्या पिंजऱ्याबाहेर उडाल्या आणि वेचल्या नाहीत, की ‘पचलं’ हा आकडा वाढतो. जनावरानं मान झटकून वैरण खाली सांडली आणि ती मोजली नाही, की ती खाल्ल्यात जमा होते. आकडा पुन्हा वाढतो. मूत्राची बाटली रात्री कलंडली, की जनावरानं नायट्रोजन शरीरात साठवला असं कागदावर दिसतं. निष्काळजी हात वैरणीला सहसा चांगलं ठरवतो, आणि चांगला निकाल पाहून कुणाला शंका येत नाही. विद्यार्थी खूश, गाईड खूश. तोटा होतो तो पुढे, त्या आकड्यावर विसंबून पेंड कमी करणाऱ्या पशुपालकाचा. म्हणून या शिक्षणात पाठांतरापेक्षा जागरणाची किंमत जास्त आहे, आणि म्हणूनच सांडलेली मूठभर वैरण वेचायला लावणाऱ्या गाईडबद्दल मला आदर वाटतो.

गोठ्यातलं संपलं की प्रयोगशाळेतलं सुरू होतं आणि ते कितीतरी जास्त दिवस चालतं. सुकवलेले नमुने दळायचे. ओव्हनमध्ये ओलावा, भट्टीत राख, सॉक्सलेटमध्ये स्निग्धांश. नायट्रोजनसाठी केल्डाल: तीव्र सल्फ्युरिक आम्लात नमुना उकळून स्वच्छ होईपर्यंत पचवायचा, ऊर्ध्वपातन करायचं, शेवटी टायट्रेशन. आलेल्या नायट्रोजनला ६.२५ नं गुणलं की प्रथिनं, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. योहान केल्डालनं ही पद्धत १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. ती मद्यनिर्मितीतल्या धान्यासाठी होती, आणि आज जगभरच्या पशुपोषण विभागांत तिच्याशिवाय पान हलत नाही. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, फ्रान्समध्ये बूसिंगो यांनी एका गाईचं खाणं एका बाजूला आणि तिचं दूध, शेण, मूत्र दुसऱ्या बाजूला ठेवून ताळा मांडला होता. १८६० च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या वेंडे इथे हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी खाद्याच्या विश्लेषणाची जी चौकट घालून दिली, तिच्यावरच आपली शिकवणी अजून उभी आहे.

त्या चौकटीत एक मोठी खोट होती. आम्ल आणि अल्कलीत उकळून जे उरतं त्याला ‘कच्चा तंतू’ म्हणायचं, आणि तो जनावराला कमी पचतो असं धरायचं. पण उकळताना लिग्निन आणि हेमिसेल्युलोजचा काही भाग विरघळून निघून जायचा आणि सहज पचणाऱ्या पदार्थांत मोजला जायचा. ज्या देशातली जनावरं मुख्यतः कडबा, कुटार आणि पेंढा खातात, तिथे ही चूक किरकोळ नाही. अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात डिटर्जंट वापरून पेशीभित्तिका वेगळी काढण्याची रीत आणली आणि भुसकटाचं खरं रूप मोजता येऊ लागलं. आजचा विद्यार्थी दोन्ही पद्धती शिकतो. जुने तक्ते वाचायचे तर जुनी पद्धत यावीच लागते.

आपल्याकडे या तक्त्यांची सुरुवात बंगळूरला झाली. तिथे १९२३ मध्ये इंपीरियल इन्स्टिट्यूट ऑफ ॲनिमल हजबंडरी अँड डेअरीइंग उभी राहिली. १९२७ मध्ये गांधीजी बंगळूरला विश्रांतीसाठी असताना इथे येऊन गोपालनाचे धडे घेऊन गेले. अमेरिकेला पाठवण्याआधी तरुण व्हर्गिस कुरियन यांनाही इथेच प्रशिक्षणाला धाडलं होतं. १९५५ मध्ये संस्थेचं मुख्यालय हरियाणातल्या कर्नालला गेलं आणि ती राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था झाली. बंगळूरचं केंद्र दक्षिणेसाठी राहिलं. दुसरा प्रवाह आपल्या पुण्यातून निघतो. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली, पुढे बरेलीजवळ इज्जतनगरला तिचा विस्तार झाला. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. भारतीय खाद्यांच्या पोषणमूल्यांचे के. सी. सेन यांच्या नावानं ओळखले जाणारे तक्ते त्या परंपरेतले. १९९५ मध्ये बंगळूरला पशुपोषण आणि शरीरक्रिया या विषयांची वेगळी राष्ट्रीय संस्थाही निघाली.

महाराष्ट्रात १८८६ पासून मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली महाविद्यालयं आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था ही २००० साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आली. शिवाय राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांच्या पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभागांतून कृषी पदवीधरही याच क्षेत्रात येतात. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, वर पदव्युत्तरची दोन. त्या दोनातलं पहिलं बहुतेक अभ्यासक्रमात जातं. प्रयोगाचा आराखडा सल्लागार समितीपुढे, मग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेल्या नैतिकता समितीपुढे मंजूर व्हावा लागतो. किती जनावरं, किती दिवस, त्यांना त्रास काय होईल, याची उत्तरं लेखी द्यायची. ही पायरी काही विद्यार्थ्यांना कागदी अडथळा वाटते. मला ती शिक्षणाचा भाग वाटते: पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या जिवाच्या वतीनं कुणीतरी प्रश्न विचारलाच पाहिजे.

तरीही वजाबाकी सगळं सांगत नाही. सुबाभूळ हे त्याचं ठळक उदाहरण. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘बाएफ’नं हे झाड महाराष्ट्रात गावोगावी नेलं. पाला प्रथिनांनी भरलेला, जनावरं आवडीनं खाणारी. पण त्यात मिमोसिन असतं. जास्त खाल्लं तर केस गळतात, गलग्रंथी वाढते. ऑस्ट्रेलियात रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्या नुसत्या सुबाभळीवर राहूनही धडधाकट आहेत. फरक कोटीपोटातल्या वस्तीत होता. १९८० च्या दशकात त्या शेळ्यांचे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले आणि विषबाधा थांबली. पुढे त्या जिवाणूला सिनर्जिस्टीस जोन्सी असं नाव मिळालं. एकच पाला, दोन देशांत दोन परिणाम. हे शोधणाऱ्यानं आधी जनावर नुसतं पाहिलं होतं, बराच काळ.

आता बाटलीतल्या पद्धती आल्या आहेत. कोटीपोटातला द्रव काढून, काचेच्या नळीत वैरणीबरोबर ३९ अंशाला ठेवून किती वायू निघतो ते मोजायचं. जर्मनीतल्या होएनहाइमची ही रीत आता आपल्या प्रयोगशाळांत रुळली आहे. तिनं एका आठवड्यात कितीतरी वैरणी तपासता येतात, आणि मिथेनचा अंदाजही येतो. पद्धत उत्तम आहे. पण जनावरं महाग, गोठ्यात माणसं कमी आणि मुदत अपुरी, म्हणून केवळ तिच्यावरच पदवी देण्याकडे कल वाढला, तर मला काळजी वाटेल. काचेची नळी वैरण सांडत नाही, नाकं मुरडत नाही आणि आजारी पडत नाही. पशुपालकाचं जनावर हे सगळं करतं, आणि ‘डॉक्टर, हे खातच नाही’ या तक्रारीला उत्तर गोठ्यात बसलेलाच देऊ शकतो.

दुसरी खंत प्रबंधांची. ते आता ‘कृषिकोश’ या संकेतस्थळावर सापडतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सरासरीच्या तक्त्यांपलीकडे प्रत्येक जनावराचे रोजचे आकडे परिशिष्टात असतातच असं नाही. ते असले, तर चार-सहा जनावरांच्या छोट्या चाचण्या एकत्र जोडून मोठं काहीतरी काढता येईल.

कारण हे आकडे खरोखर वापरात आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात गावातला प्रशिक्षित माणूस गोठ्यात येतो, फितीनं गाईच्या छातीचा घेर मोजून वजन काढतो, घरात काय काय वैरण आहे ते विचारतो, आणि संगणक कमी खर्चाचा आहार सांगतो. त्या सल्ल्यामागे खाद्यांचे तक्ते असतात, आणि तक्त्यांमागे अशाच चाचण्या. सोयाबीनचं कुटार आज विदर्भ-मराठवाड्यात डोंगरासारखं निघतं. ते वाणानुसार बदलतं, पीक किती वाळल्यावर काढलं त्यानुसार बदलतं, मळणीत किती पाचोळा उडून गेला त्यानुसारही बदलतं. एका तालुक्यातलं, एका हंगामातलं, नीट नोंद ठेवलेलं कुटार, सहा उस्मानाबादी बोकड, सहा पिंजरे, एक चांगला काटा. परभणीच्या किंवा अकोल्याच्या कुणा विद्यार्थ्यानं पुढच्या वर्षी एवढंच हाती घ्यावं, आणि गव्हाणीतल्या काड्याही वेगळ्या तपासाव्यात.