केबिनरक्षक जाळी

केबिनरक्षक जाळी ही पिकअप गाडीच्या हौद्यात, केबिनच्या मागील काचेपाशी उभी केलेली धातूची चौकट होय. अचानक ब्रेक लागल्यास गाडी थांबते. मोकळा माल मात्र जडत्वामुळे पुढे सरकत राहतो. तो काच फोडून चालकावर येऊ नये, हा या जाळीचा हेतू आहे.

निवड मालावरून करावी. मुरुड (ता. दापोली, जि. रत्नागिरी) परिसरात अशा गाड्यांतून जांभ्याचे चिरे, आंब्याच्या पेट्या, बांबू, सळ्या अशी नाना प्रकारची वाहतूक होते. चिऱ्यांसाठी चौकट भक्कम हवी, भोके मोठी असली तरी चालतात. सळई मात्र जाळीतून आरपार जाते. तिच्यासाठी खालच्या भागात जाड पत्राच हवा. वरचा भाग मोकळा ठेवावा, म्हणजे चालकाला मागचे दिसते.

पिकअपच्या सांगाड्यावर केबिन व हौदा स्वतंत्रपणे बसवलेले असतात आणि खाचखळग्यांत ते वेगवेगळे हलतात. म्हणून जाळी हौद्याच्या मजबूत भागाला बोल्टने जखडावी, केबिनला जोडू नये. नुसत्या पत्र्याला डाग देऊन बसवलेली जाळी दिखाऊच म्हणावी लागेल.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडाला जस्ताचा मुलामा आवश्यक ठरतो. ॲल्युमिनियम हलके असते, परंतु लोखंडाला थेट टेकल्यास ओलाव्यात झिजते. मध्ये रबर घालावे.

जाळी असली तरी माल दोरखंडाने बांधावाच लागतो. जाळीवर टेकवलेले लांब बांबू मर्यादेबाहेर गेल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड आहे.