गोचिडीचा ताप आणि आपल्या अंगातले राखणदार



गोठा झाडताना, कुत्र्याला कुरवाळताना, गवताचा भारा आणताना गोचीड अंगाला लागणं आपल्याला नवं नाही. ती ओढून टाकायची आणि कामाला लागायचं, अशीच आपली सवय. पण काही गोचिडींच्या लाळेत रिकेट्सिया नावाचे जंतू असतात, आणि त्यांच्यापासून गोचीड-ताप येतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीमुळे होतो. सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीमुळेच पसरतो, पण तो विषाणूचा आजार आहे. आज आपण बोलणार आहोत ते जंतूंच्या तापाबद्दल.

गोचीड चावली तरी कळत का नाही? तिच्या लाळेत असे पदार्थ असतात की त्यामुळे दुखत नाही, रक्त गोठत नाही आणि त्या जागेवरचे आपले राखणदारही सुस्तावतात. राखणदार म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. राखण ढिली पडली की जंतू आत शिरतात.

बरेचसे जंतू पेशींच्या बाहेर, उघड्यावर फिरतात. रिकेट्सिया तसा नाही. तो आपल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून जे अस्तर असतं, त्याच्या पेशींमध्येच घुसून बसतो आणि तिथेच वाढतो. चोर शेतात असेल तर राखणदार त्याला पकडेल, पण घराच्या भिंतीतच लपला तर?

तरीही आपलं शरीर हार मानत नाही. पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते निरोप मेंदूपर्यंत पोचतात आणि ताप चढतो. इंटरफेरॉन नावाचा एक निरोप थेट त्या अस्तराच्या पेशींना मिळतो : तुझ्या आत चोर आहे, त्याला तिथेच संपव. ज्या पेशींना ते जमत नाही, त्यांना टी-पेशी नावाचे राखणदार जंतूंसकट मारतात. पण या झटापटीत भिंतीचंही नुकसान होतं. रक्तवाहिन्या पाझरू लागतात. अंगावर लाल पुरळ येतं ते यामुळेच. हे पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरही दिसतं, ही त्याची मोठी खूण. चावल्याच्या जागी कधी काळी खपली दिसते, पण आपल्याकडे ती पुष्कळदा सापडतच नाही. पाझर वाढला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांना धोका होतो, बोटांची टोकं काळी पडू शकतात आणि जीवही जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शरीर या जंतूला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करतं, पण त्याला साधारण आठवडा किंवा जास्त दिवस लागतात. या तापाच्या नेहमीच्या रक्ततपासण्या हीच प्रतिपिंडं शोधतात. म्हणून पहिल्या आठवड्यात तपासणी कोरी आली, तरी आजार नाही असं समजू नका. डॉक्टर लक्षणांवरून आणि आपण सांगितलेल्या माहितीवरून उपचार सुरू करतात. आपण गोचिडीचं सांगितलंच नाही, तर गोवर किंवा डेंग्यू समजून मोलाचे दिवस वाया जाऊ शकतात.

यावर डॉक्सिसायक्लिन हे औषध आहे. ते महाग नाही. ते पेशीच्या आत जाऊन जंतूंची वाढ थांबवतं आणि उरलेलं काम आपले राखणदार पुरं करतात. वेळेवर सुरू झालं तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं इथे चालत नाहीत. म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध लहान मुलांनाही देतात. गरोदर बाईने मात्र आपण गरोदर आहोत हे आधी सांगावं.

गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, हळू ओढा. रॉकेल, तेल लावू नका, चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी किंवा पुरळ आलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. गोठ्यातून, रानातून आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, जांघेत, केसांत बघत जा. कुत्र्या-गुरांच्या गोचिडींसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढं एक वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घ्या : “डॉक्टर, घरात कुत्रं आहे, गोठा आहे, गोचीड चावली असेल.” आपले राखणदार त्यांचं काम करतातच, त्यांना वेळेवर मदत मिळवून देणं आपल्या हातात आहे.