गंभीर आजाराचा विमा : काल, आज आणि पुढे

विषय जरा कोरडा आहे, पण सभागृहात पन्नाशीच्या पुढची मंडळी बरीच दिसतायत, तेव्हा ऐकून घ्याल असं वाटतं.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्या घरात जी मेडिक्लेम असते ती हॉस्पिटलचं बिल भरते. गंभीर आजाराचा विमा बिल बघतच नाही. पॉलिसीत लिहिलेला आजार लिहिलेल्या पातळीचा झाला, की ठरलेली रक्कम एकदम हातात येते. १० लाखांची पॉलिसी असेल तर १० लाख. उपचाराला ४ लागलेले असोत नाहीतर १४. ते पैसे घराच्या हप्त्याला वापरा, मुलीच्या फीला वापरा, पगार बंद झाला म्हणून किराण्याला वापरा.

ही कल्पना एका सर्जनची आहे. दक्षिण आफ्रिकेचे डॉ. मारियस बर्नार्ड. १९६७ साली ज्यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं त्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे हे धाकटे भाऊ. पेशंट वाचतो पण घर बुडतं, हे त्यांनी पाहिलं होतं. १९८३ मध्ये एका विमा कंपनीबरोबर त्यांनी पहिली पॉलिसी आणली. त्यात आजार चारच होते : हार्ट अटॅक, कॅन्सर, पक्षाघात आणि बायपास.

आज आपल्याकडच्या जाहिरातींत ३०, ४०, ६० आजारांचे आकडे असतात. आमचं मत विचाराल तर या आकड्याला फार भुलू नये. क्लेम मुख्यतः कॅन्सर, हृदय, पक्षाघात आणि किडनी यांच्याभोवतीच फिरतात. खरा प्रश्न आजार किती हा नसून त्यांची व्याख्या काय हा आहे.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आमच्याकडे आले. वय ५२, स्वतःचा टेम्पो. छातीत दुखलं, अँजिओग्राफीत दोन ठिकाणी ब्लॉक निघाले, दोन स्टेंट पडले. मेडिक्लेमने बिल भरलं. पण दीड महिना टेम्पो उभा, आणि गंभीर आजाराचा क्लेम नामंजूर! "अहो, हृदयाचा आजार गंभीर नाही का?" असं ते विचारत होते. कागद उघडून बघितले. हार्ट अटॅक म्हणायला ईसीजीतले नवे बदल आणि रक्तात वाढलेली एन्झाइम्स लागतात. त्यांना अटॅक आलाच नव्हता, तो अंजायना होता. बायपासच्या व्याख्येत प्रत्यक्ष बायपासचं ऑपरेशन लागतं, अँजिओप्लास्टी त्यात धरत नाहीत. आपल्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २२ आजारांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्यात आणि त्यांत अँजिओप्लास्टीही आहे. पण प्रत्येक पॉलिसीत सगळे २२ असतातच असं नाही. यांच्या पॉलिसीत ती नव्हती. पॉलिसी देताना आम्हीही हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

बाजाराचा पुढचा सगळा प्रवास याच ठिकाणी अडकलाय. तपासण्या वाढल्या, आजार लवकर सापडू लागले. डॉक्टर म्हणतात, लवकर सापडला, नशीब तुमचं. प्रमाण व्याख्या मात्र अगदी जागच्या जागी असलेला, आत न शिरलेला कॅन्सर बाहेर ठेवते. पक्षाघातातही किमान तीन महिने टिकणारी, कायमची हानी दाखवावी लागते. म्हणजे वैद्यकशास्त्र जितकं सुधारतं, तितकी जुन्या पद्धतीची पॉलिसी कमी वेळा उपयोगी पडते.

यावर कंपन्यांनी काढलेला मार्ग म्हणजे टप्प्याटप्प्याने पैसे. सुरुवातीच्या टप्प्याला रकमेचा काही भाग, आजार वाढला तर उरलेली. कॅन्सरच्या स्वतंत्र पॉलिसींत हे बऱ्यापैकी रुळलंय. पण त्याची दुसरी बाजू चीनमध्ये दिसली. थायरॉइडचे अगदी लहान कॅन्सर सोनोग्राफीत सापडायला लागले, पूर्ण रकमेचे क्लेम वाढले. शेवटी २०२० मध्ये तिथे व्याख्या बदलून त्यांना सौम्य गटात टाकलं आणि तिथली रक्कम ३० टक्क्यांवर रोखली. आपल्याकडेही टप्पे वाढतील तसे टक्के बारीक छापले जातील, असा आमचा अंदाज आहे.

हप्त्यांचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. आपल्याला दिलासा आहे, पण कंपनीला तिच्या खर्चावरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे मूळ हप्ता थोडा सरकू शकतो. टर्म पॉलिसीला रायडर म्हणून हे कव्हर साधारण स्वस्त पडतं. फक्त एक विचारा : आजाराचे पैसे घेतले तर मृत्यूनंतरची रक्कम तेवढ्याने कमी होणार का?

(श्रोत्यांतून प्रश्न : वय ५७, मधुमेह आहे. आता घ्यावी का?)

हप्ता जड पडेल, कदाचित नकारही येईल. आधी मेडिक्लेम पुरेशी आहे का ते बघा. नसेल तर पैसा तिकडे लावा. आणि घेतलीत तर मधुमेह फॉर्मवर लिहाच. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असा नियम २०२४ पासून आहे, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलीय. एजंट म्हणाला "राहू द्या, कोण बघतंय", तर फॉर्म त्याच्याकडून परत घ्या आणि स्वतः भरा.