विद्यापीठाची खरेदी : निविदेपासून देयकापर्यंत

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना २७ जुलै १९१६ रोजी झाली. संस्थानी मुलखात उभे राहिलेले हे विद्यापीठ आज कर्नाटक राज्याच्या विद्यापीठ कायद्याखाली चालते. ज्या परिसराला कुवेंपूंनी मानसगंगोत्री हे नाव दिले, तेथील प्रयोगशाळांना रसायने व काचसामान लागते, वसतिगृहांना धान्य व भाजीपाला लागतो, परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचा कागद लागतो. याशिवाय संगणक, त्यांची देखभाल, पहारेकरी, सफाई या सेवाही बाहेरून घ्याव्या लागतात. शहरातील अनेक लहान व्यावसायिकांच्या दृष्टीने विद्यापीठ हे मोठे गिऱ्हाईक असते. मात्र हा पैसा सार्वजनिक असल्याने ही खरेदी कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गानेच होते.

या बाबतीत कर्नाटकाचे वेगळेपण ध्यानात घेण्यासारखे आहे. केंद्र शासनाची खरेदी आजही प्रामुख्याने सामान्य वित्तीय नियमांनुसार, म्हणजे कार्यकारी आदेशांनुसार चालते. लोकसभेत २०१२ मध्ये मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक संमत न होताच व्यपगत झाले. तमिळनाडूने १९९८ मध्ये व त्यापाठोपाठ कर्नाटकाने १९९९ मध्ये मात्र खरेदीतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाचा कायदा ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यामुळे म्हैसूर शहरात एक गमतीची स्थिती आढळते. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था किंवा भारतीय भाषा संस्थान येथे माल देणाऱ्यास केंद्राचे नियम व ‘जेम’ हे संकेतस्थळ पाहावे लागते, तर काही अंतरावरील मानसगंगोत्रीत तोच माल देताना राज्याचा कायदा व राज्याचे ई-खरेदी संकेतस्थळ. कागदपत्रांचे दोन संच, नोंदणी दोन ठिकाणी.

निविदेची वाट

राज्य कायद्याची रचना सुबोध आहे. निविदा मागविणारा प्राधिकारी व ती स्वीकारणारा प्राधिकारी निश्चित केलेला असतो. निविदेची सूचना प्रसिद्ध करावी लागते. २००० च्या मूळ नियमांत दोन कोटी रुपयांपर्यंतच्या निविदेसाठी किमान तीस दिवसांची व त्याहून मोठ्या निविदेसाठी साठ दिवसांची मुदत ठेवलेली होती आणि ती कमी करावयाची तर वरिष्ठांना लेखी कारण द्यावे लागे. मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या खरेदीत तांत्रिक व आर्थिक असे दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफ्यात उत्तीर्ण झालेल्यांचाच दर उघडला जातो आणि अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराकडे काम जाते. निर्णय मान्य नसलेल्या निविदाकारास तीस दिवसांत अपील करता येते. नैसर्गिक आपत्ती, एकाच ठिकाणी मिळणारी वस्तू, ठरावीक मर्यादेखालील किरकोळ खरेदी यांना कलम ४ ने सूट दिली आहे. शासनाला विशेष अधिसूचनेद्वारेही सूट देता येते. या शेवटच्या सवलतीचा वापर जितका कमी, तितका कायदा बळकट, असे म्हणावे लागते.

खरी कसोटी बहुधा निविदा निघण्यापूर्वीच लागते. उपकरणाचा तांत्रिक तपशील लिहिताना एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे उतरवले, की स्पर्धा नावापुरती उरते. उलाढालीची अट कामाच्या मानाने फार मोठी ठेवली, तर स्थानिक दुकानदार दारातच अडतो. येथे गैरहेतू असतोच असे नाही. प्राध्यापकाला आपल्या ओळखीचे यंत्र हवे असते आणि लेखा शाखेला मार्चपूर्वी अनुदान खर्ची पडलेले हवे असते.

माल पोहोचल्यानंतर

निविदेच्या दारावर कायद्याचा जेवढा पहारा आहे, तेवढा देयकाच्या खिडकीवर नाही. माल भांडारात उतरतो, विभागप्रमुख तपासणीचा शेरा देतात, साठा नोंदवहीत नोंद होते, देयक वित्त शाखेत जाते, तेथे छाननी होते आणि अनुदानाचा हप्ता आला असेल तर पैसे सुटतात. यातील प्रत्येक टप्पा आवश्यक आहे. परंतु त्यांपैकी कोणत्याही एका टेबलावर कागद थांबला, तर त्याची किंमत कोण मोजतो?

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. एका पुरवठादाराचे चार लाख रुपये मालात गुंतले आहेत, त्यावर आठ टक्के म्हणजे ३२ हजार रुपये नफा धरला आहे आणि बँकेचे कर्ज वर्षाला १२ टक्के दराचे आहे. व्याज महिन्याला चार हजार रुपये होते. देयक आठ महिने रखडले, तर सारा नफा व्याजात संपतो. वस्तू व सेवा करही पैसे हाती येण्यापूर्वीच भरावा लागतो. अनुभवी पुरवठादार म्हणूनच पुढच्या निविदेत दर चढवून लावतो आणि ज्याला ते परवडत नाही तो पुन्हा येत नाही. दोन्ही परिस्थितींत विद्यापीठाला माल महाग पडतो. उशिराचे हे व्याज हिशेबाच्या कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही, म्हणून लेखापरीक्षणातही ते सहसा सापडत नाही.

या दुखण्यावर कायदेशीर इलाज उपलब्ध आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असेच मानले जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. वाद सुलभीकरण परिषदेपुढे नेता येतो आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदारास ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

तरीही या तरतुदीचा लाभ ज्यांना सर्वाधिक हवा, त्यांतील बरेच जण तिच्या कक्षेबाहेर राहतात. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरतीच. स्वतः उत्पादन करणारा किंवा सेवा देणारा ४५ दिवसांचा हक्क सांगू शकतो, परंतु दुसऱ्याने बनविलेले संगणक वा रसायने आणून देणारा दुकानदार तो सांगू शकत नाही. विद्यापीठाला पुरवठा करणाऱ्यांत अशांचा भरणा मोठा असतो. ज्यांना हक्क आहे तेही पुढच्या कामाच्या आशेने परिषदेकडे जाण्यास कचरतात. आयकर कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरणे नाकारले खरे, परंतु त्याचा धाक नफ्यावर कर भरणाऱ्या कंपनीला आहे. सार्वजनिक विद्यापीठाला तो क्वचितच जाणवेल.

जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील वैज्ञानिक व संशोधन संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये व खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाख रुपये केली. संशोधनाला उपकरणे लवकर मिळावीत, हा हेतू योग्यच आहे. पण खरेदीदाराचे हात मोकळे करताना देयकाच्या मुदतीलाही तितकेच महत्त्व देणे अगत्याचे होते.

राज्य पातळीवर यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. व्यापाऱ्यालाही लागू होईल अशी देयकाची मुदत व विलंबाचे व्याज निविदेच्या अटींतच लिहिता येते. अनुदान प्रत्यक्ष जमा झाल्याखेरीज पुरवठा आदेश न देण्याचा दंडक वित्त अधिकाऱ्यास घालता येतो. २००६ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या खरेदीदाराने सूक्ष्म व लघु उद्योगांची थकलेली रक्कम व तिच्यावरील व्याज वार्षिक हिशेबात दाखवावयाचे असते. तोच तक्ता, व्यापाऱ्यांच्या थकबाकीसह, विद्यापीठाच्या निविदा ज्या संकेतस्थळावर निघतात तेथेच ठेवला, तर दर लावण्यापूर्वी पुरवठादाराला आपले पैसे साधारण किती दिवसांनी मिळतील हे पाहता येईल.