हातांची ऊब आणि अर्धशिशी

अमेरिकेतील टोपेका येथील मेनिंगर फाउंडेशनमध्ये 1970च्या सुमारास जोसेफ सार्जंट व एल्मर ग्रीन यांनी मायग्रेनच्या (अर्धशिशीच्या) रुग्णांना, बोटावरील तापमापकाकडे पाहत, हात इच्छेने उबदार करण्यास शिकवले. एरवी न जाणवणाऱ्या शारीरिक क्रियेचे मोजमाप तत्क्षणी दाखवून ती काही अंशी ताब्यात आणण्याच्या या पद्धतीस बायोफीडबॅक म्हणतात; ताणामुळे बोटांतील रक्तवाहिन्या आकसून हात गार पडतात, म्हणून आकडा चढणे ही शरीर सैलावल्याची खूण ठरते. यंत्र स्वतः काहीच बरे करीत नाही, सराव रुग्णालाच करावा लागतो, आणि तो कंटाळवाणा असतो. माइंडफुलनेस, म्हणजे श्वास व संवेदना यांकडे बरेवाईट न ठरवता लक्ष देणे, यात तर आकडाही नसतो. जॉन कबात-झिन यांनी 1979मध्ये घडवलेल्या यासंबंधीच्या आठ आठवड्यांच्या शिक्षणक्रमाची 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मायग्रेनच्या रुग्णांवर परीक्षा झाली, तेव्हा डोकेदुखीविषयीच्या साध्या शिक्षणाच्या तुलनेत दुखण्याचे दिवस अधिक घटले नाहीत, मात्र दुखण्यामुळे येणारी अक्षमता आणि मनाची खिन्नता कमी झाली.