चार नावांचं तेल

पोरांनो, आज एका तेलाची गोष्ट सांगतो. एकाच मुलाला घरी बाळ्या, आजोळी बंड्या आणि हजेरीत बाळकृष्ण म्हणतात ना, तसं या तेलाचं झालं होतं. फक्त हे सगळे एकच आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८२६ साली जर्मनीत उनफरडोर्बेन यांनी नीळ तापवली, वाफ थंड केली आणि एक तेलकट द्रव मिळवला. आम्लाबरोबर त्याचे स्फटिक होत, म्हणून नाव ठेवलं क्रिस्टालिन. १८३४ साली रुंगे यांना कोळशाच्या डांबरात तेच तेल सापडलं. ब्लीचिंग पावडर पडताच ते निळंजांभळं झालं. त्यांनी ग्रीक भाषेतला निळा रंग घेऊन त्याला कायनॉल म्हटलं. १८४० साली सेंट पीटर्सबर्गला फ्रिट्शे यांनी नीळ आणि दाहक पोटॅश एकत्र तापवून मिळवलं ते ॲनिलिन. रशियातच झिनिन यांनी १८४२ साली नायट्रोबेंझीनपासून केलं ते बेंझिडाम. अखेर १८४३ साली हॉफमान या तरुणाने चौघांच्या बाटल्यांतला पदार्थ एकच असल्याचं सिद्ध केलं. टिकलं ते ॲनिलिन.

हे नाव आलं कुठून? आपल्याच 'नील'मधून! ऐका हं, प्रवास मोठा गमतीचा आहे. संस्कृतातला नील इराणमार्गे अरबांकडे गेला. अरबीत नामाआधी 'अल्' लावतात, पण पुढे 'न' आला की त्या 'ल्'चा उच्चार 'न्' होतो. झालं 'अन्-नील'. अरबांकडून ते स्पेन-पोर्तुगालला पोचलं आणि पोर्तुगीजांनी त्याचं 'अनिल' केलं. आपल्याकडचा अनिल म्हणजे वारा; त्याचा इथे काही संबंध नाही. निळीच्या एका झुडपालाही शास्त्रज्ञांनी अनिल हे नाव दिलं होतं. फ्रिट्शे यांनी तेच उचललं.

आणि त्या झुडपाच्या पानांत निळा रंग दिसतच नाही बरं का! हिरवीगार पानं हौदात भिजत घालायची. ती आंबली की पाणी पिवळट हिरवं होई. मग मजूर कमरेइतक्या पाण्यात उतरून ते तासन्‌तास घुसळत. हवा मिसळत जाई तसतसं पाणी निळं होई आणि तळाशी गाळ बसे. तो गाळ उकळून, दाबून, वड्या पाडून जहाजांवर चढे. बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यांनी या वड्यांपायी फार सोसलं. सक्तीने नीळ पेरावी लागे.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा पर्किन ॲनिलिनपासून क्विनीन करू पाहत होता. क्विनीन झालं नाही. हाती लागला सुंदर जांभळा रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचे कारखानेच उभे राहिले. १८९७ साली जर्मनीतल्या कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली, तसे आपल्याकडचे हौद ओस पडत गेले. पुढे थोड्याच वर्षांत ॲनिलिनपासून नीळ करायची चांगली रीत सापडली. तुमच्या जीनच्या पँटीला लागते ती बहुतेक नीळ आजही त्याच तेलापासून करतात.